पारदर्शक छताखालील माणूस

(सोलापूर येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जोंधळा हुरड्यात आला की सोलापूर-मंगळवेढ्याच्या रानात माळा उभा राहतो. चार मेढी, त्यांवर फळ्या, फळ्यांवर राखणदार आणि त्याच्या हाती गोफण. या माळ्याला भिंती नसतात. पाखरांचा थवा कोणत्या दिशेने उतरेल हे राखणदाराला आधी ठाऊक नसते, म्हणून त्याला चहूकडे दिसणे आवश्यक असते. थंडी झोंबते म्हणून त्याने एका बाजूला तट्ट्या लावला, तर तेवढी बाजू पाखरांना मोकळी होते. निवारा आणि नजर यांचा हा झगडा शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेल्या जेट लढाऊ विमानांच्या प्रारंभीच्या काळात अभियंत्यांपुढे नेमका हाच झगडा उभा राहिला. फरक एवढाच की त्यांचा माळा ताशी आठशे-नऊशे किलोमीटर वेगाने धावत होता आणि चुकीची किंमत पिकाने नव्हे, वैमानिकाच्या प्राणाने मोजावी लागत होती.

सोलापूरहून गोव्याला जून २०२५ मध्ये नियमित विमानसेवा सुरू झाली आणि जिल्ह्यातील अनेकांनी प्रथमच विमानाच्या खिडकीतून आपला मुलूख पाहिला. प्रवाशाची खिडकी ही सोय असते. लढाऊ विमानाच्या वैमानिकाला मात्र अशी खिडकी पुरत नाही. त्याच्या डोक्यावर व दोन्ही खांद्यांच्या बाजूंनी एक पारदर्शक छत असते. इंग्रजीतून आलेला ‘कॅनॉपी’ हा शब्द त्यासाठी रूढ आहे. या छताची कामे तीन. वैमानिकाला सर्व दिशांना दिसू देणे, हे पहिले. बाहेरचा वारा, थंडी व विरळ हवा यांपासून त्याचा बचाव करणे, हे दुसरे. आणि विमान सोडण्याची वेळ आली तर क्षणात त्याची वाट मोकळी करणे, हे तिसरे. ही तिन्ही कामे परस्परांच्या विरोधात जातात. त्यांचा मेळ कसा घातला गेला, याचाच हा इतिहास आहे आणि त्याचे एक महत्त्वाचे पान महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या ओझर येथे लिहिले गेले आहे.

पहिली जेट विमाने

जेट इंजिनावर उडालेले पहिले विमान जर्मनीचे हाइन्केल १७८. त्याचे उड्डाण २७ ऑगस्ट १९३९ रोजी झाले. ब्रिटनचे पहिले जेट विमान १५ मे १९४१ रोजी उडाले. १९४४ मध्ये जर्मनीचे मेसरश्मिट २६२ आणि ब्रिटनचे ग्लॉस्टर मीटिअर ही विमाने प्रत्यक्ष युद्धात उतरली. इंजिन नवे असले तरी वैमानिकाची बैठक व तिच्यावरील छत ही दोन्ही पंख्याच्या विमानांकडून वारशाने आलेली होती. मेसरश्मिटचे छत दरवाजासारखे उजव्या बाजूला उघडत असे. मीटिअरच्या पहिल्या आवृत्तीतही छत बाजूलाच उघडे. पुढे ते मागे सरकणारे करण्यात आले.

छताला किती कामे करावी लागतात हे जेटच्या वेगाने व उंचीने उघड केले. सुमारे अकरा किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक-पंचमांशाहून थोडाच अधिक राहतो आणि तापमान शून्याखाली छप्पन्न अंशांपर्यंत उतरते. अशा ठिकाणी माणूस शुद्धीवर राहावा म्हणून बैठकीच्या कक्षात दाबाखाली हवा भरावी लागते. आतल्या व बाहेरच्या दाबात चौरस सेंटिमीटरला केवळ पाव किलोचा फरक असला, तरी एक चौरस मीटर छतावर अडीच टनांचा रेटा आतून येतो. म्हणजे ज्या छताने वैमानिकाला झाकावयाचे, ते प्रत्येक उड्डाणात फुग्यासारखे ताणले जाते आणि विमान उतरले की पुन्हा सैल पडते. शिवाय गोठलेल्या उंचीवरून विमान दमट हवेत खाली आले की थंड पेल्यावर दव जमावे तशी छताच्या आतून वाफ धरते. यावर उपाय म्हणून गरम हवेचा झोत सोडणे, दुहेरी आवरण करून मधल्या पोकळीत कोरडी हवा राखणे, असे मार्ग योजण्यात आले.

समोरच्या काचेचे काम निराळे असते. एक किलो वजनाचा पक्षी ताशी ७२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानावर आदळला, तर त्या आघाताची ऊर्जा एक क्विंटल ज्वारीचे पोते वीस मीटर उंचीवरून खाली टाकण्याइतकी असते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. म्हणून समोरची काच जाड आणि अनेक थरांची असते, तर डोक्यावरचे छत हलक्या, वाकवता येणाऱ्या पदार्थाचे असते.

छताचा पदार्थ आणि गावातील नेत्र शिबिर

हा हलका पदार्थ म्हणजे ॲक्रिलिक. १९३० च्या दशकात तो ब्रिटनमध्ये ‘पर्स्पेक्स’ व जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ या नावांनी बाजारात आला. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, काचेसारखीच पारदर्शकता आणि तापवून हवा तो आकार देण्याची सोय, यांमुळे तो विमानांसाठी सोयीचा ठरला. सांगाड्यात बसविलेल्या लहान लहान तुकड्यांऐवजी एकसंध फुगीर छत घडविता येऊ लागले आणि सांगाड्याच्या पट्ट्यांआड लपणारे शत्रूचे विमान वैमानिकाला दिसू लागले.

याच पदार्थाची एक वेगळी हकिकत शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात गोळीबाराने फुटलेल्या छतांच्या कपच्या काही ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत शिरल्या. लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आले की, या कपच्या डोळ्यात राहूनही डोळा त्यांच्याविरुद्ध फारसा पेटून उठत नाही. त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात पर्स्पेक्सचे कृत्रिम भिंग बसविले. त्यांच्या समकालीनांनी प्रथम या कल्पनेला कडाडून विरोध केला. पुढे मात्र हीच पद्धत जगभर रूढ झाली. मदुराई येथे १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ने अशी भिंगे स्वस्तात तयार करण्यास प्रारंभ केल्यावर ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. वैमानिकाला आकाश दाखविणाऱ्या छताचा पदार्थ गावच्या नेत्र शिबिरातून परतलेल्या आजीला नातवाचा चेहरा दाखवू लागला. जखमेकडे बारकाईने पाहणाऱ्या एका माणसामुळे हे घडले.

भारताच्या आकाशात

भारतीय हवाई दलात पहिली जेट विमाने १९४८ च्या नोव्हेंबरात आली. ती ब्रिटिश बनावटीची व्हॅम्पायर होती. वैमानिकाची बैठक असलेला या विमानाचा पुढचा भाग प्लायवूड व बाल्सा या लाकडांचा होता, ही गोष्ट आज नवलाची वाटते. पुढे बंगळूर येथील हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारखान्यात ही विमाने तयारही झाली. त्यानंतर १९५३ मध्ये फ्रेंच तूफानी, १९५७ च्या सुमारास मिस्टेअर व हंटर आणि १९५८ मध्ये चिमुकले नॅट अशी विमाने क्रमाने दाखल झाली.

एक आसनी व्हॅम्पायरमध्ये वैमानिकाला आसनासह बाहेर फेकणारी यंत्रणा, म्हणजे इजेक्शन सीट, नव्हती. संकटकाळी छत टाकून द्यावयाचे, पट्टे सोडावयाचे आणि स्वतःच्या बळावर बाहेर पडावयाचे. पंख्याच्या संथ विमानातून हे साधत असे. जेटच्या वेगात मात्र वाऱ्याचा रेटा माणसाला आसनाशीच जखडून ठेवतो, आणि जो बाहेर पडला त्याला मागच्या शेपटीचा आडवा भाग धडकण्याचे भय असते. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब क्षेत्रात भारताने चार व्हॅम्पायर विमाने गमावली. त्यावेळी सतरा वर्षांपूर्वीच्या या विमानाला सेबर जेटसारख्या अधिक वेगवान प्रतिस्पर्ध्याशी गाठ घ्यावी लागली होती.

इजेक्शन सीटचा शोध त्यापूर्वीच लागला होता. १३ जानेवारी १९४२ रोजी जर्मन वैमानिक हेल्मुट शेंक यांनी बर्फाने जखडलेल्या विमानातून अशा आसनाच्या साहाय्याने आपले प्राण वाचविले. ब्रिटनमध्ये २४ जुलै १९४६ रोजी बर्नार्ड लिंच यांनी मीटिअर विमानातून तशी चाचणी दिली. परंतु आसन उडविण्यापूर्वी डोक्यावरचे छत दूर व्हावयास हवे. छत उडून जाण्यास एक सेकंद लागला, तर ताशी ७२० किलोमीटर वेगाने कोसळणारे विमान तेवढ्यात दोनशे मीटर पुढे जाते. जमीन जवळ असताना हा सेकंद फार मोठा ठरतो. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या सेबर विमानांशी आपल्या नॅटमधून एकट्याने झुंज दिली. त्यांच्या विमानाचे छत अखेरच्या क्षणी उडालेले दिसले, परंतु ते वाचू शकले नाहीत. हवाई दलाला मिळालेले एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे.

दरवाजा कोणत्या बाजूला उघडावा?

छताची बिजागरी कोठे असावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. व्हॅम्पायर, तूफानी, हंटर आणि भारतातच घडविलेले मारुत यांचे छत मागे सरकत असे. त्याला जागा कमी लागते. मात्र सांगाडा वाकला तर ते अडकण्याचा धोका असतो. नॅटची बिजागरी मागच्या बाजूस होती. अशा छताची कडी उड्डाणात निसटली, तर समोरचा वारा ते उचलून फेकून देतो. बिजागरी पुढे असेल, तर तोच वारा छताला दाबून बंद ठेवतो. वादळी वाऱ्यात खिडकीची कोणती झडप आपटते आणि कोणती आपोआप मिटते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यातील तत्त्व सहज उमगेल.

कोरियाच्या युद्धात, १९५० ते १९५३ या काळात, सेबर आणि मिग-१५ ही विमाने एकमेकांना भिडली. दोहोंवरही फुगीर छत होते आणि वैमानिकाला मागचेही बऱ्यापैकी दिसत असे. त्यानंतर ध्वनीच्या दुप्पट वेगाचे ध्येय पुढे आले. वर उंच निघालेले फुगीर छत हवेला अडवते, म्हणून ते बसके करून विमानाच्या पाठीत मिसळून टाकण्यात आले. या वेगात हवेच्या दाबाने व घर्षणाने विमानाचे तोंड शंभर अंशांहून अधिक तापू शकते, आणि साधे ॲक्रिलिक तर साधारण तेवढ्याच तापमानाला मऊ पडू लागते. तेव्हा ताणून कणखर केलेले, उष्णता सोसणारे प्रकार शोधावे लागले. वेग मिळाला, त्या बदल्यात वैमानिकाच्या पाठीमागचे आकाश झाकले गेले. माळ्याला तट्ट्या लागला!

ओझरचे दोन मिग

या तडजोडीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मिग-२१. हे सोव्हिएत विमान १९६३ मध्ये भारतात आले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना ओझर येथे विमानाच्या सांगाड्याचा कारखाना उभारण्याचा निर्णय अंमलात आला आणि १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा नाशिक विभाग आकारास आला. द्राक्षमळ्यांच्या त्या परिसरात ध्वनीच्या दुप्पट वेगाचे विमान घडू लागले.

येथे प्रथम तयार झालेल्या मिग-२१ एफएल या आवृत्तीचे छत समोरच्या बिजागरीवर उघडत असे. समोरची काच व छत मिळून एकच भाग होता. यामागे एक धाडसी कल्पना होती. ताशी हजार किलोमीटर वेगाने कमी उंचीवर उडताना समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे पावणेपाच टन भरतो. असा वारा अंगावर घेऊन बाहेर पडणारा माणूस जायबंदी होण्याची भीती असते. म्हणून वैमानिक बाहेर फेकला जाताना छत त्याच्या पुढ्यात ढालीसारखे राहील, आसनाबरोबरच विमानापासून सुटेल आणि वेग ओसरल्यावर बाजूला होईल, अशी योजना करण्यात आली होती. अतिवेगात ती उपयुक्त होती. कमी उंचीवर मात्र छत व आसन एकमेकांपासून वेगळे होण्यात वेळ जाई, आणि उड्डाण घेताना किंवा उतरताना इंजिन बंद पडले तर तोच वेळ जिवावर बेतू शकत असे. यंत्रणा गुंतागुंतीची होती, ही त्यातील आणखी एक अडचण.

ओझर येथे १९७३ पासून मिग-२१ एम ही पुढची आवृत्ती तयार होऊ लागली. तिच्यात समोरची काच पक्की बसविलेली आणि छत वेगळे, उजव्या बाजूस उघडणारे होते. आता छत आधी दूर फेकले जाई आणि मग नव्या प्रकारचे आसन बाहेर पडे. धावपट्टीवर वेगात असतानाही वैमानिकाची सुटका होऊ शकेल, अशी या आसनाची क्षमता होती. अतिवेगातील ढाल गेली आणि जमिनीलगतची सुटका साधली. लढाऊ विमानांचे अनेक अपघात उड्डाण व अवतरण यांच्या वेळीच घडतात, हे ध्यानी घेता या बदलाचे मोल कळते. एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या, बाहेरून सख्ख्या भावंडांसारख्या दिसणाऱ्या या दोन विमानांत एका बिजागरीने जागा बदलली. अनुभवाने शिकवलेले शहाणपण त्या बदलात उतरले होते.

शिक्षकाची जागा

येथे एका महाराष्ट्रीय अभियंत्याचे स्मरण उचित ठरेल. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे १९०८ मध्ये जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले. बंगळूर येथे त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान व पुढे किरण हे जेट प्रशिक्षण विमान आकारास आले. किरणचे पहिले उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ रोजी झाले. या विमानात गुरू व शिष्य एकाच रुंद पारदर्शक छताखाली शेजारी शेजारी बसतात. शिष्याचा हात कोठे अडखळतो, त्याची नजर कोठे जाते, हे गुरूला मान वळवताच दिसते. दोन आसनी मिग-२१ मध्ये गुरूची जागा शिष्याच्या मागे होती. तेथून समोरची धावपट्टी नीट दिसत नसे, म्हणून पुढच्या आवृत्त्यांत त्याच्यासाठी छतावर पेरिस्कोप बसवावा लागला. विद्यार्थ्याला जे दिसते ते शिक्षकालाही दिसले पाहिजे, हा विचार वर्गखोलीइतकाच विमानातही खरा आहे.

आजचे चित्र

अमेरिकेच्या एफ-१६ विमानाचे पहिले उड्डाण १९७४ मध्ये झाले. त्यात वैमानिकाच्या समोर व माथ्यावर आडवी पट्टी नसलेले एकसंध फुगीर छत पुन्हा अवतरले. तीस वर्षांच्या प्रवासानंतर माळ्याचा तट्ट्या काढला गेला. सुटकेच्या प्रश्नावरही नवे उत्तर मिळाले. छतावर स्फोटकाची बारीक दोरी चिकटवलेली असते. प्रसंग येताच ती पेटते, छत दुभंगते आणि वैमानिक त्यातूनच बाहेर पडतो. भारताच्या तेजस विमानासाठी छत छेदणारी अशी यंत्रणा विकसित करण्याचे काम पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने केले आहे.

मिग-२१ विमानांनी २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे हवाई दलाचा निरोप घेतला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, नाशिकमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क १ए विमानाने जाहीर उड्डाण केले. ओझरच्या धावपट्टीवरील एक पर्व संपले आणि दुसरे सुरू झाले.

या साऱ्या इतिहासातून विमानाशी कधीच संबंध न येणाऱ्या माणसानेही घ्यावा असा एक धडा आहे. माणसाला सुरक्षित ठेवण्यासाठी उभारलेली प्रत्येक व्यवस्था, तो आत असताना त्याला काय दिसते आणि संकटात तो बाहेर कसा पडेल, या दोन प्रश्नांवर पारखून घेतली पाहिजे. शाळेच्या खिडक्यांना चोरांच्या भीतीने पक्के गज बसविले जातात. त्याच वर्गाला एकच दरवाजा असतो आणि तो आतल्या बाजूस उघडतो. सभागृहाला दोन दारे असतात. दुसऱ्याला कुलूप असते आणि किल्ली शिपायाच्या घरी. व्हॅम्पायरपासून तेजसपर्यंत अभियंत्यांना जे शिकण्यासाठी अनेक तरुण वैमानिकांचे प्राण वेचावे लागले, ते पंचायतीला एका सकाळच्या पाहणीत साधता येईल. दरवाजा बाहेर उघडतो की आत, दुसऱ्या दाराची किल्ली कोठे आहे आणि पन्नास मुलांना वर्गाबाहेर येण्यास किती वेळ लागतो, एवढेच पाहावयाचे आहे. ही पाहणी पुढच्या मासिक सभेपूर्वी व्हावी, इतकीच श्रोत्यांना विनंती.